मोरीतला शिखरवासी

शिक्षण अर्धवट, वजन पंचेचाळीस किलो, डोकं त्या मानाने मोठं आणि काम किड्यांना टाचण्या टोचण्याचं. एवढं भांडवल असल्यावर दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. संग्रहालयाच्या कीटक विभागात रुजू झालो त्याच आठवड्यात कुणीतरी मला 'टाचणी' म्हणालं, आणि आता निवृत्तीला आठ महिने उरले तरी मी टाचणीच आहे. घरी बायको 'अहो' म्हणते. पण ती ज्या सुरात 'अहो' म्हणते, त्यापेक्षा टाचणी बरी.

लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितलं होतं की मी तांत्रिक विभागात आहे. ते खोटं नव्हतं, माझ्या हुद्द्यात तो शब्द आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा सासूबाईंनी बिघडलेला पंखा माझ्यापुढे आणून ठेवला. मी तो उघडला, त्यातली माशी चिमट्याने अलगद बाहेर काढली आणि म्हणालो, "पंख शाबूत आहेत." त्या घरात माझी जी पत ठरली ती तेव्हाच ठरली.

माझं काम रातकिडे लावायचं. लावायचं म्हणजे पेटीत मांडायचं. वाळून कडक झालेला किडा आधी ओलसर डब्यात ठेवून मऊ करायचा, मग उजव्या खांद्यामागून टाचणी घालायची. पाय पोटाखाली गोळा करायचे, कारण बाहेर आलेला पाय पेटीचं झाकण लागताच मोडतो. अंगापेक्षा तिप्पट लांब मिशा पाठीवरून मागे वळवायच्या. आणि शेवटी त्याच टाचणीत, किड्याच्या खाली, नखाएवढं लेबल ओवायचं: कुठे सापडला, किती उंचीवर, कधी, कुणी पकडला. आमच्या धंद्यात किडा आणि लेबल म्हणजे नवराबायको. लेबल नसलेला किडा कचरा, आणि किडा नसलेलं लेबल नुसतं चिठोरं.

विभागाचे प्रमुख होते सर. उष्ण प्रदेशातले, कुजलेल्या पानांत आणि दगडांच्या फटींत राहणारे बारके तपकिरी रातकिडे, हा त्यांचा विषय. माझ्यासारख्या अडाण्यालाही ते शिकवायचे, कारण ऐकणारा दुसरा कुणी नसायचा. रातकिडा तोंडाने गात नाही, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला दातांची बारीक रांग असते, ती डाव्या पंखाच्या कडेवर घासली की आवाज होतो. गातो फक्त नर. मादीला गाणं नाही, मागे भाल्यासारखी नळी असते, तिने ती मातीत अंडी घालते. दोघांचेही कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. थंडी नाही म्हणून या किड्यांना हंगामही नाही. पिल्लं, तरणे, म्हातारे बारा महिने एकत्र नांदतात. उकाडा वाढला की गाणं जलद होतं.

पण जात ओळखायची कशी? दिसायला सगळे सख्खे भाऊ. मग सरांनी मला गुपित सांगितलं. नराच्या पोटाच्या टोकाशी एक इवलासा अवयव असतो, संसाराचा. तो प्रत्येक जातीत वेगळा. तो काढायचा, तीव्र द्रावात उकळून साफ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निरखायचा. बायकोने एकदा विचारलं, "दिवसभर त्या यंत्रातून बघता तरी काय?" मी खरं ते सांगितलं. तिने पुन्हा माझ्या कामाची चौकशी केली नाही.

आता माझा पराक्रम सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी कच्चा होतो, हंगामी होतो आणि सरांना घाबरून होतो. आधीच्या माणसाने जाताना सल्ला दिला होता, "हात बसेपर्यंत दिसेल तो किडा टोच, सरांच्या मालाला शिवू नकोस." आमच्या इमारतीच्या मागे बाटल्या धुवायची मोरी आहे, अंधारी, कायम ओली. उभं राहायला तिथे एक लाकडी फळी आहे आणि फळीखाली रातकिडे. दिवसाढवळ्यासुद्धा किर्र लावून असत. त्यातला एक धरला, टोचला, वेडावाकडा का होईना पण उभा केला, आणि सरांच्या मालाशी ताडून बघायला त्यांच्याच पेटीच्या कोपऱ्यात खोचला. त्या पेटीत सरांनी स्वतः डोंगराच्या शिखरावरच्या जंगलातून आणलेले अकरा रातकिडे होते.

पुढच्याच आठवड्यात मी तीन पेट्या एकावर एक घेऊन निघालो. एकेक न्यावी अशी सक्त ताकीद होती. पण मला वेळ वाचवायचा होता. वाचलेल्या वेळात काय करणार होतो ते आठवत नाही. दार पायाने ढकललं आणि वरची पेटी गेली.

अकरांपैकी दहा बचावले. एकाचा मात्र भुगा झाला. डोकं एकीकडे, पाय चारीकडे, लेबल उडून कपाटाखाली. आणि माझा मोरीतला? जशाच्या तसा. वाकडा, पण ठणठणीत. एका हातात नवरा नसलेलं लेबल, दुसऱ्या हातात लेबल नसलेला नवरा. जिन्यावर सरांची पावलं वाजत होती. मी भुगा झाडून टाकला आणि दोघांचं लग्न लावून दिलं. स्थळ शिखरावरचं, मुलगा मोरीतला.

तेव्हा मला वाटलं, एका किड्याने काय होतंय. अकरा तपकिरी किडे होते, अकराच राहिले.

दोन वर्षांनी सरांच्या खोलीतून हाक आली, "टाचणी!" मी पळत गेलो. सर सूक्ष्मदर्शकावरून उठून उभे राहिले होते. "हा बघ. हा या दहांचा कुणी नाही. हा जगात कुणाचाच कुणी नाही. नवी जात आहे रे ही!" मी डोळा लावला. अवयव कळायची माझी लायकी नव्हती, पण बाजूला ठेवलेला बाकीचा किडा वाकडा लावलेला होता. माझा हात मी ओळखला.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, आज चहा माझ्याकडून." दोन वर्षांत त्यांनी मला प्रथमच चहा पाजला होता. मी तो प्यालो. त्याबरोबर जे बोलायचं होतं तेही गिळून टाकलं.

सरांनी त्या जातीला लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ 'शिखरावर राहणारा'. त्या एका किड्याला लाल लेबल लागलं. जातीचा मूळ नमुना तो. जगात कुणालाही शंका आली तर त्याच्याकडेच बघायचं. तो कुलपात गेला. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी सरांना अभिनंदनाची पत्रं पाठवली. आणि छापलेल्या लेखाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, नमुन्याच्या कौशल्यपूर्ण मांडणीबद्दल माझे आभार होते. कौशल्यपूर्ण! मी ते पान चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलं. सासरे आले की त्याच्या बरोबर समोर त्यांची खुर्ची. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी तर भिंतीवर टांगलेली.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढे मलाही हसू येत नाही, पण सवय आहे म्हणून हसतो.

सरांना त्या किड्याचं गाणं ऐकायचं होतं. मेलेल्या किड्यावरून पंख कळतो, दात मोजता येतात. गाणं कळत नाही. म्हणून सर पुन्हा त्या शिखरावर गेले. मग पुन्हा. सतरा वर्षांत बारा वेळा गेले. बारा वेळा त्यांची पिशवी मी भरली: बाटल्या, जाळी, टॉर्च, ध्वनिमुद्रक, जळवांसाठी मीठ. एकदा ताप घेऊन आले, एकदा गुडघा मोडून. किडा कधीच नाही. आणि त्यांनी रिकाम्या परत आणलेल्या बाटल्या मी मागच्या मोरीत धुवायचो, तेव्हा फळीखाली, माझ्या पायांशी, तो बेटा किर्र करत असायचा. सरांनी तो ऐकायचं कारणच नव्हतं. त्यांची खोली वर, पुढच्या बाजूला; मोरीकडे आम्ही बाटल्या धुणारेच जायचो. आणि आमच्यातल्या कुणाला त्याचं काय? मोरीतला किडा म्हणजे मोरीतला किडा.

निवृत्तीच्या वर्षी सरांनी शेवटचा लेख लिहिला. जंगलतोडीमुळे ही जात बहुधा नामशेष झाली असावी, असा. तो लिहिला त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "एकदा तरी ऐकायला हवा होता रे." मी म्हणालो, "नशीब, सर." नशीब! एवढं साळसूद बोलणं मला कसं जमलं, त्याचंही कौशल्य छापायला हवं होतं.

मग ही मुलगी आली. सरांच्या शिष्याची शिष्या. मला काका म्हणते. या सगळ्या तपकिरी भावंडांची वंशावळ तिला मांडायची होती, गाण्यांवरून: कुणाचं गाणं कुणापासून निघालं. सगळ्या जातींची गाणी तिने मिळवली. एक फांदी तेवढी रिकामी. परीक्षक म्हणाले, या फांदीवाचून पुढच्या तीन फांद्या कुठे जोडल्या ते कळत नाही, प्रबंध अपुरा आहे. विद्यापीठाची मुदत दोन महिन्यांवर आलेली. चार वेळा ती शिखरावर जाऊन आली. चौथ्यांदा ओल्या खडकावरून घसरली आणि मनगट मोडलं.

मागच्या सोमवारी ती गळ्यात हात अडकवून माझ्या टेबलापाशी आली. प्लास्टर कोपरापर्यंत.

"काका, परवा निघतेय. पिशवी भरून द्याल? मला एका हाताने नाही जमत."

"अगं, या हाताने?"

"शेवटचं जाते. नाहीच मिळाला तर सोडून देते सगळं. आईसुद्धा म्हणतेय, पुरे आता."

मी कपाटातून पिशवी काढली आणि बाटल्या मोजायला लागलो. सतरापर्यंत मोजलं आणि पुढचा आकडा सुचेना. म्हटलं, उद्या देतो.

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. चौकटीखालच्या खुर्चीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पेटी, भुगा, मोरी, लग्न. ती निवडायची थांबली.

"म्हणजे ते भिंतीवरचं...?"

"हो."

"आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते ते!"

"हो."

"आणि ती पोरगी मोडक्या हाताने डोंगर चढणार?"

"परवा."

"काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा तुमच्या काखेत आणि वळसा तिला! अहो, गप्प बसून कुणाचं भलं केलंत?"

"सरांचं. त्यांचं एवढं एकच मोठं काम."

"सरांचं नाव घेऊ नका. तुम्ही स्वतःला वाचवत होतात." मग भाजी बाजूला सारून म्हणाली, "आणि आता तर वाचवण्यासारखं काही उरलंही नाही."

तिचं हे नेहमीचंच: आधी रडवायचं, मग हसवायचं, आणि दोन्हीत सत्य सोडायचं नाही. सकाळी उठलो तर भिंतीवर चौकोनी, उजळ डाग होता. चौकट तिने कपाटात टाकली होती.

सकाळी मी मुलीला निरोप धाडला, निघू नकोस, उद्या विभागात ये. दुसरा दिवस बुधवारचा होता. निवृत्त झाल्यापासून सर दर बुधवारी येतात, काठी टेकत. पेट्या उघडून बघतात, डांबराच्या गोळ्या बदलायला सांगतात, चहा घेतात. दोघे समोर बसले आणि मी उभ्याने सांगून टाकलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "सर, तो किडा शिखरावरचा नाही. मागच्या मोरीतला आहे. पेटी माझ्या हातून पडली होती. लेबल मी लावलं." एकतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आधी मुलगी बोलली. ती उभीच राहिली. "मोरीत? आपल्या मोरीत? अजून आहेत?"

"आज सकाळीही होते."

"काका!" यात शिवी किती आणि आनंद किती, मला कळलं नाही. मग ती सरांकडे वळून घाईघाईने म्हणाली, "सर, जात तुमचीच राहते. खरीच आहे ती, पत्ता तेवढा चुकलाय. मी दुरुस्ती छापते. नावही तेच राहील, एकदा दिलेलं नाव अर्थ चुकला म्हणून बदलत नाहीत. नियम आहे." म्हणजे जगबुडीपर्यंत मोरीतल्या त्या किड्याला विद्वान लोक 'शिखरावर राहणारा' म्हणणार. मी भीतभीत हसलो. सर हसले नाहीत.

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं काठी उगारतील. उगारली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चल. दाखव."

मागची पायरी उतरायला त्यांना माझा हात धरावा लागला, त्या गुडघ्यामुळे. मोरीत अंधार होता, नळ ठिबकत होता. आम्ही तिघे भिंतीला लागून गप्प उभे राहिलो. मिनिटभराने फळीखालून सुरू झालं. किर्र, मग दोन तुटक, मग पुन्हा किर्र. मुलगी ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली, प्लास्टरचा हात वर धरून, दुसऱ्या हाताने ध्वनिमुद्रक फळीपाशी नेला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आवाज येऊ नये म्हणून तिने ओठ दाबून धरले.

सर मान तिरकी करून उभे होते. मग त्यांनी विचारलं, "कधी गातो?"

मी मुलीकडे बघितलं. तिने माझ्याकडे. किडा गातच होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "आता गातोय."

सरांनी काठी भिंतीला टेकवली. दोन्ही तळवे कानांमागे धरले आणि दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत फळीकडे वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले.

"हा बारीक स्वर आता माझ्या कानांना पकडता येत नाही," ते म्हणाले. "सात-आठ वर्षं झाली." अगदी शांतपणे, एखादी नोंद सांगावी तसं. मग माझ्याकडे वळले. "बारा वेळा गेलो, टाचणी. तेव्हा मला ऐकू येत होतं."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर मला काहीतरी विनोद सुचत आला आहे. तेव्हा सुचला नाही. "चुकलो सर," एवढंच म्हणालो, आणि ते फार थोडं होतं हे मलाही कळत होतं.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आजही म्हणालेले नाहीत. माझा दंड धरला, मला जवळ ओढलं आणि कान पुढे केला. "तू ऐकतोस ना? कसा गातो, सांग."

माझ्या गळ्यात सूर नाही. अंघोळ करतानासुद्धा गुणगुणायची मला घरात बंदी आहे. त्या मोरीत, त्या मुलीसमोर, मी सरांच्या कानाला तोंड लावलं आणि माझ्या जाड्याभरड्या आवाजात सुरू केलं, "किर्र... किट् किट्... किर्र." सरांनी डोळे मिटले. माझ्या दंडावरचं त्यांचं बोट ताल मोजू लागलं.

"घाई करतोस," ते म्हणाले. "तो करतो तसं कर. पुन्हा."

मी फळीकडे कान दिला, नीट ऐकलं आणि पुन्हा सुरू केलं.